पहिल्या अचूक रायफलसाठी स्कोपचा बेस कसा निवडावा

स्कोपचा बेस निवडताना सुरुवात रायफलीपासून करावी. स्कोपचा विचार त्यानंतर येतो. नळीच्या मागचा, रायफलीची यंत्रणा सामावणारा धातूचा भाग म्हणजे रिसीव्हर. त्याच्या माथ्यावर स्क्रूंनी किंवा पकडीने बसवलेल्या ज्या धातूच्या तुकड्यावर स्कोप धरणाऱ्या रिंगा आवळल्या जातात, तो हा बेस. रायफल आणि स्कोप यांच्या किमतीपुढे त्याची किंमत किरकोळ वाटते, म्हणून तो सर्वांत शेवटी आणि घाईत घेतला जातो. पण थोडा हिशेब करून पाहावा. बेसची लांबी १५० मिलिमीटर धरली आणि त्याचे एक टोक ०.०५ मिलिमीटर, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीच्या साधारण निम्म्याने, हलले, तर ५० मीटरवर नेम सुमारे १.७ सेंटिमीटरने सरकतो. ५० मीटर रायफलच्या आंतरराष्ट्रीय लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यासच १०.४ मिलिमीटर असतो. हा फरक कायम तेवढाच राहिला तर झिरो करताना, म्हणजे ठरावीक अंतरावर नेम आणि गोळीची जागा जुळवताना, तो निघून जातो. मात्र सैल किंवा ताणात बसलेला बेस गोळीगणिक जागा बदलत राहतो, आणि नेमबाज दोष स्वतःच्या श्वासाला, ट्रिगरला किंवा काडतुसांना देत बसतो.

खरेदीपूर्वी

सन २०२३ मध्ये ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या. त्या पाहून नेमबाजीकडे वळलेल्या मुलांच्या पालकांनी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी, ती अशी की ऑलिंपिक प्रकारांतील १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर रायफल या स्पर्धांत दुर्बिणीचा स्कोप चालत नाही, तेथे छिद्राची पीप साइट वापरली जाते. मुलाचे लक्ष्य त्या स्पर्धा असतील तर प्रशिक्षकांना विचारल्याशिवाय स्कोप आणि बेस यांवर एक रुपयाही खर्च करू नये. पुढील विवेचन बेंचवरून किंवा पालथे पडून कागदी व धातूच्या लक्ष्यांवर स्कोपने नेम धरू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. शिकारीचा प्रश्नच उद्भवत नाही; १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद केलेली आहे.

कायद्याची दुसरी बाजू बेसच्या निवडीला थेट भिडते. शस्त्र नियम २०१६ नुसार .१७७ इंचापर्यंतच्या व्यासाची आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेची एअर रायफल विनापरवाना घेता येते, त्यामुळे बहुतेकांची पहिली अचूक रायफल तीच असते. .२२ किंवा त्याहून मोठ्या अग्निशस्त्राला परवाना लागतो आणि १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार अशा शस्त्रांच्या दुरुस्तीचे काम करणाऱ्यालाही परवाना लागतो. म्हणून रिसीव्हरला नवी भोके पाडून घेण्याची वेळ आली, तर ती कुंडई किंवा वेर्णा औद्योगिक वसाहतीतील ओळखीच्या टर्नरकडून पाडून घेऊ नयेत, मग त्याचा हात कितीही सफाईदार असो. ते काम परवानाधारक गनस्मिथकडेच न्यावे. माझे मत याहून एक पाऊल पुढे आहे: ईशापूर रायफल फॅक्टरीच्या .३१५ स्पोर्टिंगसारखी, मुळात उघड्या साइटसाठी बनलेली रायफल घरात असेल, तर तिच्यावर स्कोप चढवण्याचा आग्रह न धरता ती आहे तशीच ठेवावी आणि अचूक नेमबाजीसाठी स्कोपच्या सोयीसह आलेली रायफल पाहावी.

रिसीव्हरच्या माथ्यावर काय आहे

रायफल रिकामी असल्याची खात्री करून, बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा) काढून ती उजेडात धरावी आणि रिसीव्हरचा माथा नीट पाहावा. तेथे सहसा दोनपैकी एक रचना आढळते. एक तर रिसीव्हरमध्येच कोरलेल्या, आत कललेल्या बाजूंच्या दोन समांतर खाचा असतात, ज्यांना डव्हटेल म्हणतात. किंवा मग आटे पाडलेली भोके असतात आणि त्यांत छोटे झाकण-स्क्रू बसवलेले असतात.

एअर रायफलींवर आणि सीझेड ४५७ सारख्या अनेक .२२ रायफलींवर ११ मिलिमीटरचे डव्हटेल असते. हा ११चा आकडा जितका ठाम दिसतो तितका नसतो. निर्मात्यागणिक रुंदी आणि खाचेचा कोन यांत फरक पडतो, त्यामुळे एका रायफलीवर घट्ट बसणारा माउंट (खाचांना पकडणारा, रिंगांसह येणारा बेस) दुसरीवर फक्त कडांना टेकतो आणि आवळताना त्या कडा चेपतो. व्हर्निअर कॅलिपरने रुंदी मोजून, शक्य असेल तर रायफल सोबत नेऊन, पकड खाचेच्या पूर्ण कललेल्या बाजूवर टेकते की नाही हे पाहावे. टिक्का टी३एक्सचे डव्हटेल १७ मिलिमीटरचे असते, सीझेड ५२७चे १६चे. तेथे ११चा माउंट कोणत्याही युक्तीने बसत नाही.

स्प्रिंगवर चालणाऱ्या एअर रायफलीचा स्वभाव वेगळा आहे. तिच्यात पिस्टन आधी रायफल मागे ढकलतो आणि सिलिंडरच्या टोकाशी पोचताच ती पुढे खेचतो. या दुहेरी झटक्याने स्कोप हळूहळू मागे सरकत जातो आणि साधे स्कोप आतून तुटतातही. अशा रायफलीसाठी स्टॉप पिन असलेला, शक्यतो एकसंध माउंट घ्यावा, आणि रिसीव्हरवर त्या पिनसाठी भोक किंवा आडवी खाच आहे ना हे आधी पाहावे. नसेल तर मागे वेगळा स्टॉप लावावा लागतो. हवा आधीच भरून ठेवलेल्या पीसीपी रायफलीला ही अडचण नाही.

भोके असलेल्या रिसीव्हरसाठी बेस घेताना रायफलीचे पूर्ण मॉडेल आणि अॅक्शनची, म्हणजे काडतूस भरण्याच्या यंत्रणेची, लांबी सांगितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ‘सगळ्यांना बसतो’ हे दुकानातले वाक्य येथे निरुपयोगी आहे. रेमिंग्टन ७०० चेच उदाहरण घ्या: तिच्या रिसीव्हरचा मागचा भाग पुढच्यापेक्षा खाली असतो, आणि आखूड व लांब अॅक्शनमध्ये भोकांतील अंतर बदलते. इतर अनेक निर्मात्यांनी ही रचना उचलली असल्यामुळे तिचे बेस विपुल मिळतात, तरीही ‘७००सारखी’ रायफल खरोखर तशी आहे का, हे निर्मात्याच्या यादीतूनच ठरवावे.

स्क्रूंच्या बाबतीत अमेरिकी पद्धतीच्या रायफलींवर ६-४८ हे जुने माप आहे आणि थोडे जाड, अधिक भक्कम असे ८-४०. पहिला आकडा जाडीचा क्रमांक दाखवतो, दुसरा एका इंचातील आट्यांची संख्या. ६ क्रमांकाची जाडी साडेतीन मिलिमीटर भरते, म्हणून हरवलेल्या स्क्रूच्या जागी म्हापशाच्या हार्डवेअर दुकानातला साडेतीन एमएमचा स्क्रू घालण्याचा मोह होतो. तो दोन-तीन फेरे जातो, मग अडतो, आणि जोर दिला की रिसीव्हरचे आटे कापले जातात. बेससोबत आलेलेच स्क्रू वापरावेत आणि एखादा जादा जोड मिळत असेल तर तोही घ्यावा.

रेल कोणती

आडव्या खाचा असलेल्या लांब बेसला रेल म्हणतात. आज नव्याने घेणाऱ्याने पिकॅटिनी रेल घ्यावी, यावर फार चर्चा नको. अमेरिकी लष्कराने १९९५ मध्ये तिचे माप ठरवून दिले: खाचेची रुंदी ५.२३ मिलिमीटर आणि एका खाचेच्या मध्यापासून दुसऱ्या खाचेच्या मध्यापर्यंत १०.०१ मिलिमीटर. जुन्या वीव्हर पद्धतीत खाच ४.५७ मिलिमीटरची असते आणि खाचांमधील अंतर ठरलेले नसते. त्यामुळे वीव्हरच्या रिंगा पिकॅटिनी रेलवर सहसा बसतात, मात्र पिकॅटिनीच्या रिंगांचा जाड आडवा बोल्ट वीव्हरच्या खाचेत जात नाही. स्वस्त रेलींच्या खोक्यावर पिकॅटिनी असे छापलेले असले तरी खाच मोजून घ्यावी.

रेल एकसंध असावी की दोन तुकड्यांची? दोन तुकडे वजनाला हलके पडतात आणि काडतूस भरण्याची जागा मोकळी ठेवतात, पण ते दोन्ही एकाच रेषेत आणि एकाच पातळीत असतील याची हमी रिसीव्हर देतो, आणि कारखान्यातून आलेला प्रत्येक रिसीव्हर ती देऊ शकेल असे नाही. एकसंध रेलवर खाचा भरपूर मिळत असल्याने डोळा आणि स्कोप यांतील अंतर जमवता येते. पहिल्या रायफलीला एकसंधच घ्यावी. फक्त रिकामे काडतूस बाहेर पडण्याच्या वाटेत ती येत नाही ना, हे पाहावे.

कल किती असावा

नव्या नेमबाजाचा सर्वाधिक गोंधळ येथे होतो. बाजारात सपाट बेस मिळतो आणि २०, ३० किंवा ४० एमओए कललेला बेसही. एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर तो सुमारे २.९ सेंटिमीटर भरतो. कललेल्या बेसची मागची बाजू पुढच्यापेक्षा किंचित उंच असते, १५० मिलिमीटर लांबीत २० एमओएसाठी अवघी ०.८७ मिलिमीटर. त्यामुळे स्कोपचे तोंड थोडे खाली झुकते, आणि रेटिकल (स्कोपमधील नेमाची फुली) लक्ष्यावर आणताना रायफलीची नळी वर उचलली जाते. टरेटमध्ये, म्हणजे नेम वर-खाली करण्याच्या स्कोपवरील चकतीत, तेवढी वरची जागा शिल्लक राहते.

किती कल हवा हे शेजारच्या नेमबाजाला विचारून ठरत नाही, आकडेमोडीने ठरते. समजा स्कोपमध्ये वर-खाली मिळून एकूण ६० एमओए जागा आहे, म्हणजे मध्यापासून वर ३० आणि खाली ३०. स्कोपचा अक्ष नळीच्या अक्षापासून साडेचार सेंटिमीटर उंच आहे आणि .२२ ची स्टँडर्ड गोळी सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने निघते. ५० मीटरपर्यंत ती जवळपास १२ सेंटिमीटर पडते. त्यात स्कोपची उंची मिळवली की साडेसोळा सेंटिमीटर होतात, म्हणजे सुमारे ११ एमओए. सपाट बेसवर केवळ ५० मीटरला झिरो करण्यातच मध्यापासून वरचे ११ एमओए खर्ची पडतात आणि वर १९ उरतात. तेथून १०० मीटरला जाण्यास आणखी सुमारे ७ लागतात, ते भागते. २०० मीटरला २५ हून अधिक लागतात, ते भागत नाही. आता २० एमओएचा बेस लावला, तर ५० मीटरचा झिरो मध्यापासून ९ एमओए खाली येतो आणि वर ३९ उरतात.

या दोन आकड्यांची तुलना महत्त्वाची आहे. सपाट बेसवर झिरो मध्यापासून ११ दूर, २०च्या बेसवर ९ दूर. भिंगांतून दिसणारे चित्र मध्याजवळ सर्वांत चांगले असते आणि टोकाला गेल्यावर डावी-उजवीकडची जागाही कमी होते, त्यामुळे मध्यापासूनचे अंतर हा खरा खर्च आहे. आणि तो येथे दोन्हीकडे जवळजवळ सारखाच पडतो. ‘आमच्याकडे तर ५० मीटरच मारायचे, कललेला बेस कशाला?’ हा प्रश्न रास्त वाटतो, पण .२२ बाबत त्याचे उत्तर असे की २० एमओए घेतल्याने ५० मीटरवर काही बिघडत नाही आणि पुढे गोव्याबाहेर लांब रेंजवर जाण्याचा योग आला तर वेगळा बेस घ्यावा लागत नाही. ४० एमओए मात्र घेऊ नये. वरच्याच हिशेबात झिरो मध्यापासून २९ खाली जातो, म्हणजे टरेट जवळजवळ तळाला टेकतो.

जास्त वेगाच्या सेंटरफायर (बुडाच्या मध्यावर आघात होऊन पेटणाऱ्या) काडतुसाचा हिशेब वेगळा निघतो, कारण १०० मीटरच्या झिरोला तेथे चार-पाच एमओएच लागतात. ६०च्या स्कोपवर २० चालतो, ३० लावला की झिरो तळापासून चार-पाच एमओएवर येऊन ठेपतो.

एअर रायफलवाल्यांना याच गणितातून एक अनपेक्षित निष्कर्ष मिळतो. १० मीटरवर छर्रा फारसा पडत नाही, सेकंदाला १७५ मीटर वेगाने दीड-पावणेदोन सेंटिमीटरच. पण स्कोपची साडेचार सेंटिमीटर उंची एवढ्या थोड्या अंतरात भरून काढायची असल्याने कोन मोठा होतो आणि सुमारे २१ एमओए खर्च होतात. म्हणजे वरच्या तिन्ही झिरोंपैकी सर्वांत जवळच्याला सर्वांत जास्त कल लागतो. त्यातच मोडून भरण्याच्या रायफलींची नळी बऱ्याचदा किंचित खाली झुकलेली असते, आणि मग टरेट वरच्या टोकाला जाऊनही छर्रा खालीच लागतो. अशा वेळी स्कोपमध्ये दोष न शोधता कललेला माउंट घ्यावा. स्कोप १० मीटरवर स्पष्ट दिसतो ना, हेही तेव्हाच पाहावे; मोठ्या रायफलींचे पुष्कळ स्कोप १०० यार्डांवर कायमचे जुळवलेले असतात.

गोव्याची हवा

लोखंडी की अॅल्युमिनियमचा, हा प्रश्न थंड आणि कोरड्या प्रदेशात वजन आणि ताकदीचा असतो; आपल्याकडे तो मुख्यतः गंजाचा आहे. अॅल्युमिनियमचे वजन पोलादाच्या साधारण एक-तृतीयांश असते, आणि उष्णतेने ते जवळपास दुप्पट प्रसरण पावते. या दुसऱ्या मुद्द्याचा बाऊ केला जातो, पण १५ अंशांच्या फरकाला १५० मिलिमीटर लांबीत दोन्ही धातूंत ०.०२५ मिलिमीटरइतकाच फरक पडतो आणि पणजीचे तापमान वर्षभरात फार खालीवर जात नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस आणि किनाऱ्यावरची खारी हवा यांचा विचार मात्र करावाच लागतो. मिरामार, दोनापावला किंवा वास्कोला राहणाऱ्याच्या घरी साधा काळा केलेला पोलादी बेस आषाढ संपेपर्यंत खाचांच्या कोपऱ्यांत तांबूस होतो, आणि तो गंज रिसीव्हरला टेकलेल्या, न दिसणाऱ्या बाजूला आधी सुरू होतो.

.२२ आणि एअर रायफलीसाठी मी ७०७५ जातीच्या अॅल्युमिनियमचा, जाड अॅनोडायझिंग केलेला बेस सुचवीन. या रायफलींचा धक्का कमी असल्याने पोलादाची जादा ताकद येथे वापरली जात नाही. मात्र अॅल्युमिनियम आणि पोलाद यांच्यामध्ये खारट ओलावा शिरला की अॅल्युमिनियम खाल्ले जाते, म्हणून अॅनोडायझिंगवर ओरखडे नसावेत आणि बेसच्या खालच्या बाजूला तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. सेंटरफायर रायफलीवर जड स्कोप असेल तर पोलादी बेस घ्यावा आणि त्याची निगा राखण्याची तयारी ठेवावी. पावसाळ्यात रायफल फोमच्या पेटीत बंद करून ठेवू नये, फोम ओल धरून ठेवतो. कुलूपबंद कपाटात सिलिका जेल ठेवून ते वेळोवेळी वाळवावे.

बसवताना

उंचीचा विचार बेस आणि रिंगा मिळून करावा. ५० मिलिमीटर भिंगाच्या स्कोपचे पुढचे तोंड बाहेरून ५७च्या आसपास भरते; नळी आणि ते तोंड यांत दोन-तीन मिलिमीटर जागा राहिली आणि बोल्टचा दांडा आयपीसला न घासता उघडला, की तेवढी उंची पुरे. त्याहून उंच गेल्यास गाल स्टॉकवर टेकत नाही.

भोके आणि स्क्रू अॅसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडे करावेत. मग बेस ठेवून फक्त मागचे स्क्रू हलके आवळावेत आणि पुढे बेस व रिसीव्हर यांत फट दिसते का ते पाहावे. दुचाकीच्या टॅपेटसाठी मेकॅनिक जो फीलर गेज वापरतो, त्याची ०.०५ मिलिमीटरची पाती येथे उपयोगी पडते. नंतर पुढचे स्क्रू आवळून मागे पाहावे. पाती शिरत असेल तर स्क्रूंच्या जोरावर फट मिटवू नये, कारण त्याने बेस वाकतो आणि तो ताण रिंगांतून स्कोपच्या नळीत उतरतो. बेस बदलून घ्यावा किंवा गनस्मिथकडून इपॉक्सीने बेडिंग करून, म्हणजे फट भरून, घ्यावे. पुढच्या भोकातला स्क्रू लांब असेल तर तो बोल्टच्या लगला किंवा नळीच्या आट्यांना टेकतो, म्हणून एकेक स्क्रू आवळून प्रत्येक वेळी बोल्ट पूर्ण बंद होतो का ते तपासावे.

टॉर्कचा, म्हणजे स्क्रू आवळण्याच्या जोराचा, निर्मात्याने दिलेला आकडा अंतिम मानावा. तो नसल्यास ६-४८ स्क्रूसाठी १५ ते २० इंच-पाउंड, म्हणजे सुमारे १.७ ते २.३ न्यूटन-मीटर, आणि ८-४० साठी २५ इंच-पाउंड धरावेत; रिंगांच्या वरच्या टोप्यांना १५ ते १८ पुरतात. गॅरेजमधला टॉर्क रेंच येथे चालत नाही, त्याची मोजणीच यापुढे सुरू होते. इंच-पाउंड दाखवणारा छोटा टॉर्क स्क्रूड्रायव्हर घ्यावा किंवा क्लबमधून तात्पुरता मागून आणावा. आटे तेलकट असतील तर त्याच आकड्याला स्क्रू जास्त ताणला जातो. थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) लावायचा असल्यास निळा, आणि एक थेंब. लाल कधीही नको. रिंगा रेलवर बसवताना त्या पुढे ढकलून आडवा बोल्ट खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकवावा आणि मग आवळाव्यात, म्हणजे धक्क्याने सरकायला जागा राहत नाही.

परवान्याच्या रायफलीबाबत गोव्यात आणखी एक व्यावहारिक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. निवडणुकीच्या काळात जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. खेळाडूंना सूट आहे का, हे त्या त्या आदेशात पाहावे. स्कोपसकट रायफल कित्येक आठवडे दुसरीकडे ठेवण्यापेक्षा रेल तशीच ठेवून स्कोप रिंगांसह काढून घ्यावा. यासाठी ज्या खाचेत रिंग होती त्या खाचेवर रंगाचा बारीक ठिपका द्यावा, आणि रिंगच्या नटाचा टॉर्क लिहून ठेवावा. रायफल परत आल्यावर त्याच खाचेत, त्याच टॉर्कने बसवलेला स्कोप झिरोच्या अगदी जवळ परततो. तरी पहिल्या पाच गोळ्या कागदावर मारून खात्री करावी आणि तेव्हाच बेसच्या प्रत्येक स्क्रूवर पुन्हा एकदा टॉर्क स्क्रूड्रायव्हर फिरवून पाहावा. नव्या बेसवर हीच तपासणी पहिल्या पन्नासेक गोळ्यांनंतर करावी.